घरचं खाऊन पोथ्या वाचायच्या?

संस्कृत एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आम्ही अकरा जण होतो. आठ मुली, तीन मुलगे. साल २००३. गावाचं नाव सांगत नाही, कारण आमच्या तिथल्या बाई अजून शिकवतात आणि पुढे मी जे म्हणणार आहे ते त्यांना एकट्याला लागू नये. परवा त्यातल्या एकीच्या मुलाच्या मुंजीत आम्ही सात जण भेटलो. पंगतीत बसल्या बसल्या हिशेब निघाला, कोण सध्या काय करतं त्याचा.

दोघी शाळेत आठवी ते दहावीला संस्कृत शिकवतात. तिसरीने शाळा सोडून घरीच दहावीचे क्लास काढले आणि आज कमाईत ती आम्हा सगळ्यांच्या पुढे आहे. चौथी आयुर्वेद महाविद्यालयात. बी.ए.एम.एस.च्या पहिल्या वर्षाला संस्कृत असतं, ते शिकवणारं कोणीतरी लागतं, आणि आमच्यासारख्यांना तो मोठा आधार आहे. पाचवीने बँकेची परीक्षा दिली, ती सुखात आहे. सहावी सकाळी ऑनलाइन स्तोत्रांचे वर्ग घेते, तिच्या वर्गाला अमेरिकेतून आज्या बसतात. मुलग्यांतला एक पाठशाळेतून शास्त्री होऊन आमच्यात आला होता. त्याने कर्मकांडाची पदविका केली आणि तो सैन्यात धर्मगुरू म्हणून लागला. हो, अशी जागा असते, आणि पेन्शनचीही असते. दुसरा जर्मनीत. तिसरा नऊ वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, कॉलेजात शिकवत होता. सुट्टी लागली की पगार थांबायचा. त्याचं लग्न ठरेना, मग त्याने ते सोडलं आणि आता तो जमिनीचे व्यवहार बघतो. एकीचा पत्ताच नाही. अकरावी मी. मी मुद्रितं तपासते आणि येतील ती भाषांतरं करते.

वाईट काहीच नाही यात. कोणी उपाशी नाही. पण मठ्ठ्याची वाटी हातात धरून माझ्या लक्षात आलं ते असं, की जुनी पोथी उघडायची, ती वाचायची, दुसऱ्या पोथीशी ताडायची आणि मजकूर लोकांपुढे ठेवायचा, हे काम अकरांतला फक्त एक जण पगारावर करतो. तो जर्मनीतला. आणि तो वाचतो ती पोथी महाराष्ट्रातली आहे, फोटोंवरून वाचतो.

‘संस्कृत घेऊन पुढे काय?’ हा प्रश्न आम्ही सोळाव्या वर्षापासून ऐकतोय. त्याची दोन ठरलेली उत्तरं आहेत. एक ओशाळवाणं : बी.एड. करीन, स्पर्धा परीक्षा देईन, बघू. दुसरं छाती फुगवून : संस्कृत ही संगणकाला सर्वांत योग्य भाषा आहे, नासाने सांगितलंय. या नासाच्या गोष्टीचं मूळ इतकंच, की १९८५ साली नासाच्या एका केंद्रात काम करणाऱ्या रिक ब्रिग्ज या संशोधकाने एक लेख लिहिला आणि संस्कृत वैयाकरणांची वाक्य फोडून अर्थ मांडायची पद्धत व संगणकात ज्ञान मांडायची पद्धत यांतलं साम्य दाखवलं. लेख चांगला आहे. पण त्या एका लेखावर चाळीस वर्षं आपण शाळेच्या स्नेहसंमेलनात भाषणं ठोकतोय, आणि त्या भाषणांतून एका एम.ए.लाही नोकरी लागलेली मी पाहिली नाही.

माझं म्हणणं असं आहे, की हा प्रश्न चुकीच्या माणसाला विचारला जातो. संस्कृत, पाली, प्राकृत शिकलेल्यांना काम नाही हे खरं नाही. काम डोंगराएवढं पडलंय. त्या कामाला पगार नाही. आणि बिनपगारी काम फक्त घरचं खाऊन करता येतं, त्यामुळे ज्यांच्या घरी आहे तेच ते करतात. ‘पुढे काय’ हे विचारायचं असेल तर ते सरकारला, विद्यापीठांना आणि आपल्या दानशूर मंडळींना विचारा.

काम किती आहे ते आधी सांगते. पुण्यात डेक्कन कॉलेजात संस्कृतचा एक कोश चालू आहे. सुमित्र मंगेश कत्रे यांनी १९४८ साली तो हाती घेतला. ऋग्वेदापासून पुढे सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्द वेचून जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या. एकेक शब्द कुठे आला, कोणत्या अर्थाने आला, पुढे तो अर्थ कसा सरकत गेला, हे दाखवणारा हा कोश. पहिला भाग छापून आला १९७६ साली. तेव्हापासून खंड निघताहेत आणि ‘अ’ हे अक्षर अजून संपलेलं नाही. मी एकदा ती कपाटं पाहायला गेले होते. खण ओढला की दाटीवाटीने उभ्या चिठ्ठ्या, बहुतेक हाताने लिहिलेल्या. ज्यांनी लिहिल्या त्यांतले कितीतरी आता हयात नसणार. लोक या कोशाला हसतात, सरकारी काम म्हणतात. मला हसू येत नाही. एक कोटी चिठ्ठ्या आणि मूठभर माणसं, मग किती वर्षं लागतील हे गणित आहे, आळस नव्हे.

याच गावात दुसरं उदाहरण आहे, आणि ते उलटं आहे. भांडारकर संस्थेने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम सुरू केलं आणि १९६६ साली पुरं केलं. १,२५९ हस्तलिखितं गोळा झाली, काश्मीरच्या शारदा लिपीपासून केरळच्या मल्याळम लिपीपर्यंत. प्रत्येक श्लोकाखाली प्रत्येक पोथीतला पाठभेद अक्षराखाली अक्षर मांडायचा आणि मग ठरवायचं, की जुनं कोणतं आणि मागाहून घुसलेलं कोणतं. १९२५ साली ही धुरा विष्णु सीताराम सुखठणकरांकडे आली. ते मुळात केंब्रिजला गणित शिकलेले, मग बर्लिनला जाऊन संस्कृतात डॉक्टरेट केलेले. (गणितवाल्यांना या कामाची गोडी का लागते हे पाठभेदांचा एक तक्ता पाहिला की कळतं. पुढे दा. ध. कोसंबींनी भर्तृहरीच्या श्लोकांचं असंच संपादन केलं, तेही गणितीच.) सुखठणकर १९४३ साली गेले, बेलवलकर आले, मग परशुराम लक्ष्मण वैद्य आले, आणि काम पुरं झालं. का झालं? विद्वत्ता होतीच. पण माणसं नेमली होती, त्यांना पगार होता, संस्थानिकांपासून सरकारपर्यंत पैसे देणारे होते. सत्तेचाळीस वर्षं कोणी ना कोणी तो तक्ता भरत बसलं होतं आणि महिनाअखेरीला घरी काहीतरी नेत होतं.

पोथी वाचणं म्हणजे काय हे ठाऊक नसलं की वाटतं, देवनागरी तर आहे, वाचता येतंच की. मलाही एम.ए. होईपर्यंत तसंच वाटायचं. पुढे एका पंधरा दिवसांच्या कार्यशाळेत पहिल्यांदा पोथीचं पान समोर आलं. शब्दांत जागा सोडलेली नाही, सगळी अक्षरं एकाला एक लागून. च आणि व सारखे, थ आणि य सारखे. ‘ख’च्या जागी ‘ष’. आणि काही केल्या एक अक्षर लागेना : क, पण त्याच्या आधी एक उभी रेघ, काना चुकून पुढे आल्यासारखी. शिकवणारे गुरुजी हसले. म्हणाले, ‘ही पृष्ठमात्रा. ती रेघ म्हणजे मात्राच आहे, डोक्यावर द्यायची ती अक्षराच्या पाठीमागे दिलीय. ‘के’ वाचा.’ तो ‘के’ वाचायला मला पाऊण तास लागला होता. पानाच्या शेवटी लेखकूने नेहमीचा श्लोक टाकला होता, पाठ मोडली, मान मोडली, खाली मुंडी घालून बसलो, ‘कष्टेन लिखितं ग्रन्थं यत्नेन परिपालयेत्’. तीनशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाची तक्रार. त्याला निदान दर श्लोकामागे काही मिळालं असेल.

दोन वर्षांच्या एम.ए.त आम्हाला एकही पोथी दाखवली गेली नव्हती. हे विभागांचं पाप आहे आणि ते झाकण्यात अर्थ नाही. उत्तरपत्रिका मराठीत लिहायची सोय होती, ती आम्ही सगळ्यांनी घेतली. नेमलेल्या काव्याचे नेमलेले सर्ग, त्यांची गाईडातली भाषांतरं, ‘रसग्रहण करा’, ‘टीपा लिहा’. पदवी हातात पडली तेव्हा न पाहिलेला, टीका नसलेला गद्य परिच्छेद समोर ठेवला असता तर आमच्यातल्या निम्म्या जणांना तो नीट लागला नसता. मी त्या निम्म्यात होते. डोंगराएवढं काम पडलंय असं मी म्हणते तेव्हा ते करायला आम्ही तयार होतो का, हा उलटा प्रश्न मला कोणी विचारलाच तर माझी मान खाली जाईल.

पण हेही पुन्हा त्याच मुळाशी येतं. ज्या कौशल्याला पुढे दाम नाही ते कौशल्य शिकवायला कोण जीव काढेल? दाम आहे तो दहावीच्या गुणांना. आपल्याकडे संस्कृत हा शंभरपैकी शंभर देणारा विषय आहे. पालक तो निवडतात टक्केवारीसाठी, आणि अकरावीला मुलगा विज्ञानाला गेला की त्याचा संस्कृतशी संबंध संपतो. ही चाल नवीही नाही. मॅट्रिकला संस्कृतात पहिला येणाऱ्यासाठी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती असे. १९१२ साली ती मिळाली चिंतामणराव देशमुखांना. ते केंब्रिजला जाऊन निसर्गविज्ञान शिकले, आयसीएस झाले, १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. पुढे त्यांनी मेघदूत मराठीत आणलं ते हौसेने. देशमुखांबद्दल तक्रार कसली करायची? पण त्या शिष्यवृत्तीचं आपण अजून तेच करतोय, फक्त रिझर्व्ह बँकेच्या जागी संगणक अभियांत्रिकी आलीय.

आता पालीचं पाहा. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत पाली हा वैकल्पिक विषय होता. गुण बरे पडतात म्हणून घेणारे त्यात पुष्कळ होते हे खरं, पण त्या निमित्ताने महाराष्ट्रातली, त्यातही विदर्भ-मराठवाड्यातली कितीतरी मुलं पाली शिकत होती. २०१३ साली आयोगाने तो विषय काढून टाकला. आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने पालीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, मराठी आणि प्राकृतासोबत. आधी तिच्या हातची भाकरी काढून घेतली आणि अकरा वर्षांनी गळ्यात हार घातला.

मराठीच्या दर्जाचा आनंद मलाही झाला, खोटं का बोला. पण तो दर्जा कशावर मिळाला हे थोडं आठवू या. रंगनाथ पठारे समितीने २०१३ साली अहवाल दिला, त्यात मराठीचं वय सिद्ध करायला हालाची गाथासप्तशती लागली, नाणेघाटातला लेख लागला. म्हणजे महाराष्ट्री प्राकृत लागलं, ब्राह्मी लिपी लागली. आपल्या भाषेचा जन्मदाखला ज्या भाषेत आणि लिपीत आहे ती स्वतः वाचून ‘हो, असंच लिहिलंय’ म्हणणारी माणसं आज महाराष्ट्रात किती असतील? मला वाटतं, एका छोट्या टेम्पोत मावतील. दरवर्षी ३ ऑक्टोबरला व्यासपीठ सजतं, त्याच्या मांडवाच्या खर्चात त्यांतल्या दोघांचा वर्षाचा पगार निघेल.

‘सगळ्याला सरकार कशाला? ज्याला आवड आहे तो शिकेल,’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात, आणि ते बहुधा संस्कृतप्रेमीच असतात. त्यांना मी दोन गोष्टी सांगते.

पहिली, ही विद्या फुकट कधीच चालली नाही. पेशवे श्रावणात दक्षिणा वाटत. लाखांनी वाटत आणि फक्त ब्राह्मणांना वाटत. इंग्रजांनी त्या पैशाचा काही भाग वळवून १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली, तिचंच पुढे डेक्कन कॉलेज झालं. १८४९ साली पुण्यातल्या सुधारकांनी अर्ज केला, की हा पैसा मराठी ग्रंथांसाठीही खर्च व्हावा, तेव्हा शास्त्रीमंडळी चिडली. त्याच दक्षिणा निधीतून पुढे फेलोशिपा निघाल्या आणि न्या. रानडे, रा. गो. भांडारकर त्या घेऊन शिकले. ज्यांनी पुढे ही विद्या नव्या रीतीने उभी केली, त्यांच्या खिशात सरकारी विद्यावेतन होतं.

दुसरी गोष्ट धर्मानंद कोसंबींची. गोव्यातल्या साखवाळचा हा माणूस १८९९ साली बुद्धाचा शोध घ्यायला घराबाहेर पडला. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकला, नेपाळात गेला, सिंहलद्वीपात जाऊन पाली शिकला. पुढे कलकत्त्याला विद्यापीठात नोकरी मिळाली, पगार चांगला होता. पण त्यांना महाराष्ट्रात राहून मराठी लोकांत काम करायचं होतं. सयाजीराव गायकवाडांनी त्यांना दरमहा ५० रुपये देऊ केले, महाराष्ट्रात कुठेही राहा आणि लिहा म्हणून. कलकत्त्याचा पगार सोडून कोसंबी त्या पन्नास रुपयांवर आले. मग हार्वर्डचं काम झालं, १९१२ पासून फर्ग्युसनमध्ये पाली शिकवणं झालं, आणि मराठी माणसाला बुद्ध मूळ पालीतून कळायला लागला. आज आपण सगळे कोसंबींच्या त्यागाचं कौतुक करतो. मला त्या पन्नास रुपयांचं जास्त कौतुक आहे. त्याग करायला तयार असलेली माणसं दर पिढीत निघतात. पन्नास रुपये देणारा निघत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. बिनपगारी विद्या कोणाच्या घरात राहते, हा महाराष्ट्रात भाबडा प्रश्न नाही. बाबासाहेब आंबेडकरांना एल्फिन्स्टन हायस्कुलात संस्कृत घेऊ दिलं नाही, त्यांना पर्शियन घ्यावं लागलं. संस्कृत ते पुढे स्वतःच्या हिमतीवर शिकले. नागपूरच्या कुमुद पावडे स्वातंत्र्यानंतर संस्कृत घेऊन एम.ए. झाल्या. दलित घरातली मुलगी संस्कृत शिकली म्हणून कौतुकाची भाषणं झाली, नोकरी मात्र मिळेना. आंतरजातीय लग्न झालं, आडनाव बदललं, आणि मग मिळाली. नोकरी कुमुद सोमकुवरला मिळाली नाही, कुमुद पावडेला मिळाली, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. माझ्या मते आमच्या एम.ए.च्या पहिल्या तासाला हे वाचून दाखवायला हवं होतं.

आमच्या अकरांत आठ जणांची आडनावं ऐकून तुम्ही घर ओळखाल. माझंही ओळखाल. सीएचबीवर नऊ वर्षं काढलेला तो आमच्यातला एकटा असा होता, की ज्याच्या घरी आधी कोणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. व्याकरण आमच्यात त्याचंच सर्वांत पक्कं. लघुकौमुदी त्याला तोंडपाठ होती आणि ती पाठशाळेतून आलेली नव्हती, रात्री झेरॉक्सच्या दुकानात काम करताना पाठ केलेली होती. विषय सोडावा लागला तो त्यालाच. मी टिकले, कारण नवऱ्याचा पगार होता. माझी चिकाटी वगैरे काही नाही त्यात. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या तर आधी घरी पीठ लागतं. ‘संस्कृत काही जणांचीच मक्तेदारी आहे’ असं म्हणणाऱ्यांना आमचे संस्कृतप्रेमी उत्तर देतात, की दारं तर सर्वांना खुली आहेत. दारं खुली आहेत, आत जेवायला काही नाही.

म्हणून संस्कृत-पाली-प्राकृतच्या पगारी जागांची मागणी ही मला संस्कृतीरक्षणाची मागणी वाटतच नाही. भूतकाळ कोणी वाचायचा आणि तो कसा होता हे बाकीच्यांना कोणी सांगायचं, याची ती मागणी आहे. फक्त एका प्रकारच्या घरांतून वाचणारे येत राहिले तर त्या पोथ्यांतून त्यांना हवं तेच निघत राहील.

केंद्राने २०२५च्या अर्थसंकल्पात ‘ज्ञान भारतम्’ जाहीर केलं. एक कोटीहून अधिक हस्तलिखितांची नोंद, जतन, छायाचित्रण. चांगलं आहे. पोथीला वाळवी लागण्याआधी तिचा फोटो निघायलाच हवा. पण फोटो काढणं म्हणजे वाचणं नव्हे. कपाटातली न वाचलेली पोथी आता सर्व्हरवर न वाचलेली राहील, एवढाच फरक. कोणी म्हणेल, आता यंत्र वाचेल. वाचेलही, पण यंत्राला आधी हजारो पानं कोणीतरी वाचून द्यावी लागतात, आणि मग ‘के’ची पृष्ठमात्रा त्याने बरोबर ओळखली की नाही हे तपासावं लागतं. तिथेही पुन्हा आम्हीच.

मी फार मोठं काही मागत नाही. नेट परीक्षा देऊन जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळवलेल्या संशोधकाला आज दरमहा ३७ हजार रुपये मिळतात. तेवढ्याच रकमेवर राज्याने दरवर्षी शंभर मुलं-मुली तीन वर्षांसाठी घ्यावीत आणि त्यांना पुणे, वाई, नागपूर, रामटेक, मुंबई इथल्या हस्तलिखित संग्रहांत बसवावं. पहिलं वर्ष लिप्या, पुढची दोन वर्षं प्रत्यक्ष संपादन. एका तुकडीचा वर्षाचा खर्च ४ कोटी ४४ लाख. तिन्ही तुकड्या एकदम चालू असताना साडेतेरा कोटींच्या आत. सात लाख कोटींचा अर्थसंकल्प मांडणाऱ्या राज्यात हा आकडा शोधायला भिंग लागेल. शिवाय नव्या शैक्षणिक धोरणात भारतीय ज्ञानपरंपरेचा विषय सर्व शाखांना आलाय. तो शिकवायचं काम बऱ्याच ठिकाणी ज्या प्राध्यापकाचे तास कमी भरतात त्याच्या गळ्यात पडतं, मग तो वाणिज्याचा का असेना. तिथे या विषयांत शिकलेली माणसं नेमा. जागा नवी निर्माणही करावी लागणार नाही.

यावरचा एकच आक्षेप मला खरा वाटतो. खेड्यात शाळेला शिक्षक नाही आणि तुम्ही पोथ्यांसाठी पैसे मागता? शिक्षक की पोथीवाचक, असं खरोखर निवडायची वेळ आली तर मी शिक्षक म्हणेन, न अडखळता. पण शिक्षकाची रिकामी जागा पोथीवाल्याने खाल्लेली नाही. आणि काही वेळा खेड्यातल्या माणसाचंच अडतं ते जुना कागद वाचणारा नसल्यामुळे.

२०२३ साली ते सगळ्यांनी पाहिलं. कुणबी नोंदी शोधायला न्या. शिंदे समिती नेमली गेली आणि गावोगावच्या कचेऱ्यांत जुनी दप्तरं उघडली. कोतवाल बुकं, गाव नमुना १४, जन्म-मृत्यूच्या नोंदी. पुष्कळ कागद मोडीत लिहिलेले. मोडी ही काही अभिजात भाषा नव्हे, लिपी आहे, पण हिशेब तोच. ‘मोडी शिकून काय करणार?’ असं ज्यांना वर्षानुवर्षं ऐकवलं त्यांची एका आठवड्यात शोधाशोध सुरू झाली. लाखो लोकांचं आरक्षण एका अक्षराच्या वाचनावर येऊन थांबलं होतं आणि राज्याकडे वाचणारे पुरेसे नव्हते. तहान लागल्यावर विहीर खणतात, पण वाचक तीन आठवड्यांत तयार होत नाही.

आमचा सीएचबीवाला मोडी शिकलेला आहे, जमिनीच्या कामात उपयोगी पडते म्हणून. त्यालाही एका तालुक्याच्या कचेरीतून बोलावणं आलं. सहा आठवडे तो सकाळी दहा ते रात्री आठ बसला. डोळे गेले म्हणतो. मानधन पाच महिन्यांनी मिळालं, ठरल्यापेक्षा थोडं कमी. पुन्हा बोलावलं तर जाशील का म्हणून मी मुंजीत विचारलं. उत्तर न देता त्याने मोबाइल काढला. त्या दप्तरातल्या एका पानाचा फोटो होता, दोन वर्षं झाली तरी त्याने जपून ठेवलेला. एका नोंदीत नावापुढे नुसतं ‘कु’ आणि पुढे कागद फाटलेला.

‘कुणबी,’ मी म्हटलं. माझी मोडी तोडकीमोडकीच.

‘कुंभारही असेल,’ आयुर्वेदवाली म्हणाली.

‘तेच तर,’ तो म्हणाला. ‘वरच्या ओळीत त्याच घरातला दुसरा माणूस आहे, त्याचं बघ काय लिहिलंय ते.’

आम्ही तिघांनी माना खाली घातल्या. वाढपी जिलबीचं ताट घेऊन कधीचा उभा होता.